मायक्रोअरे स्लाइडची आखणी: विश्लेषण डोळ्यांसमोर ठेवून

मायक्रोअरेची स्लाइड म्हणजे २५ मिलिमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर लांब काचेची पट्टी. तिच्यावर हजारो बारीक स्पॉट असतात आणि प्रत्येक स्पॉटमध्ये एकेका जनुकाला ओळखणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, चिकटवलेला असतो. पेशीतल्या आरएनएपासून रंगीत सीडीएनए (आरएनएची पूरक डीएनए प्रत) तयार करून तो या काचेवर सोडला की जे जनुक जास्त चालू आहे त्याचा स्पॉट जास्त उजळतो. १९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पॅट ब्राउन यांच्या गटाने अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपट्याच्या ४५ जनुकांवर ही पद्धत दाखवली आणि पुढच्या दोन वर्षांत यीस्टचा जवळजवळ सगळा जीनोम एका काचेवर आला.

या क्षेत्रात नवीन आलेला विद्यार्थी पहिल्यांदा सॉफ्टवेअर शिकतो. नॉर्मलायझेशन (रंगांमुळे आणि स्लाइडमुळे आलेले तांत्रिक फरक काढून आकडे एका पातळीवर आणणं) कसं करायचं, पी-व्हॅल्यू कशी काढायची, हीटमॅप कसा रंगवायचा. हे सगळं शिकायलाच हवं. पण स्लाइडवर दोन जनुकांचे प्रोब कुठे छापले, कोणता नमुना कोणत्या दिवशी लावला, कंट्रोल (पडताळणीसाठी मुद्दाम ठेवलेले स्पॉट) किती ठेवले, या गोष्टी ठरून गेल्यावर सॉफ्टवेअरच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून हा लेख आखणीवर आहे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत जायचं: उद्या एखाद्या स्पॉटमध्ये फरक दिसला, तर तो पेशीतला आहे की काचेवरचा, हे मला कशावरून कळेल?

आज नवे प्रयोग बहुतेक आरएनए-सीक्वेन्सिंगने (आरएनएचे क्रम वाचून मोजण्याच्या पद्धतीने) होतात, हे खरं आहे. तरी ठरावीक जनुकांचे मोठ्या संख्येने नमुने तपासायचे असतील, किंवा जुन्या माहितीशी तुलना करायची असेल, तर मायक्रोअरे (थोडक्यात ‘अरे’) अजूनही वापरात आहेत. शिवाय इथे शिकलेली नमुन्यांची मांडणी सीक्वेन्सिंगमध्ये जशीच्या तशी उपयोगी पडते.

उदाहरण म्हणून आपण यीस्ट घेऊ. २५ अंश सेल्सिअसला वाढवलेलं यीस्ट अचानक ३७ अंशांवर नेलं तर कोणती जनुकं बदलतात, हा आपला प्रश्न. यीस्टची सुमारे ६,२०० जनुकं धरू. स्लाइड आपण स्वतः रोबोटने छापणार आणि दोन रंगांची पद्धत वापरणार: एक नमुना हिरव्या साय-३ने रंगवायचा, दुसरा लाल साय-५ने, आणि दोन्ही एकाच काचेवर सोडायचे.

पायरी १: तुलना कोणाची कोणाशी, हे आधी लिहून काढा

वहीत एका वाक्यात प्रश्न लिहा. ‘उष्णतेचा परिणाम बघायचा आहे’ हे वाक्य पुरेसं नाही. ‘३७ अंशांवर २० मिनिटं ठेवलेल्या यीस्टमध्ये, २५ अंशांवरच्या यीस्टच्या तुलनेत, कोणत्या जनुकांची पातळी बदलते’ असं लिहिलं की कोणते नमुने एका काचेवर समोरासमोर यायला हवेत ते आपोआप दिसतं.

दोनच गट असतील तर दोन्ही नमुने एकाच स्लाइडवर थेट एकमेकांसमोर ठेवा. दोन रंगांच्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच: स्पॉट लहान छापला गेला, वेडावाकडा झाला, तरी दोन्ही नमुन्यांना तो सारखाच वाट्याला येतो आणि गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं.

गट जास्त असतील, उदाहरणार्थ ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांचे नमुने, तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे सगळ्या नमुन्यांतून थोडा थोडा आरएनए घेऊन एक सामायिक संदर्भ-नमुना बनवायचा आणि प्रत्येक स्लाइडवर एक रंग त्याला द्यायचा. दुसरी म्हणजे साखळी: पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, असं करत शेवटचा पुन्हा पहिल्याशी. कागदावर साखळी सरस ठरते, कारण संदर्भाची पद्धत निम्मी मोजमापं अशा नमुन्यावर खर्च करते ज्यात आपल्याला रस नाही. पण साखळीतल्या दोन-तीन स्लाइड बिघडल्या की ती तुटते आणि विश्लेषण अवघड होऊन बसतं. नवख्या माणसाने बहुगट प्रयोगात संदर्भ-नमुनाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी दोन नवे नमुने जोडायचे झाले तरी तोच संदर्भ वापरून जोडता येतात. त्यासाठी संदर्भ-आरएनए सुरुवातीलाच भरपूर बनवून, छोट्या वाट्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा.

रंगांची अदलाबदल विसरू नका. साय-३ आणि साय-५ सारख्या प्रमाणात बसत नाहीत, आणि काही जनुकांच्या बाबतीत हा पक्षपात नॉर्मलायझेशननंतरही शिल्लक राहतो. चार स्लाइड असतील तर दोनमध्ये ३७ अंशांचा नमुना लाल ठेवा आणि दोनमध्ये हिरवा. या अदलाबदलीला प्रयोगशाळेत ‘डाय-स्वॅप’ म्हणतात.

पायरी २: प्रोब निवडा

प्रोबची लांबी ५० ते ७० बेस (डीएनएची अक्षरं) ठेवा. छोट्या प्रोबमध्ये नेमकेपणा जास्त आणि संकेत कमी. पीसीआरने बनवलेल्या लांब तुकड्यांत संकेत भरपूर, पण सारख्या दिसणाऱ्या जनुकांची सरमिसळ होते. मधली लांबी दोन्हींना सांभाळते.

परक्या जनुकाला चिकटण्याचा धोका तपासण्यासाठी एक जुना आणि अजूनही कामाला येणारा नियम आहे: ५० बेसचा प्रोब दुसऱ्या कोणत्याही जनुकाशी ७५ टक्क्यांहून जास्त जुळत असेल, किंवा सलग १५ किंवा त्याहून जास्त बेस तंतोतंत जुळत असतील, तर तो टाकून द्या. प्रत्येक प्रोब संपूर्ण जीनोमसमोर ब्लास्ट (क्रम जुळवून बघणारं सॉफ्टवेअर) करून पाहा. निवडलेल्या सगळ्या प्रोबचं वितळण्याचं तापमान चार-पाच अंशांच्या पट्ट्यात यायला हवं, नाहीतर एकाच तापमानाला काही घट्ट चिकटतील आणि काही धुऊन जातील. स्वतःवरच वळून गाठ मारणारे आणि एकाच बेसची लांब ओळ असणारे प्रोबही वगळा.

यीस्टमधलं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. एसएसए१ आणि एसएसए२ ही दोन जनुकं एचएसपी७० या उष्णता-ताणातल्या प्रथिनांच्या कुळातली. त्यांची प्रथिनं जवळजवळ सारखी आहेत. पण एसएसए१ उष्णतेने चढतं आणि एसएसए२ एरवीही चालूच असतं. जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या भागातून प्रोब घेतला तर तो दोघांनाही पकडणार, आणि एसएसए१ची चढण एसएसए२च्या कायमच्या उजेडात बुडून जाणार. अशा वेळी प्रथिन-भाग संपल्यानंतरच्या ३-प्राइम टोकाकडे जा; तिथे जुळ्या जनुकांतही वेगळेपण सापडण्याची शक्यता जास्त असते. तिथेही वेगळा तुकडा मिळाला नाही तर प्रोब ठेवा, पण यादीत ‘दोन्ही जनुकं’ अशी नोंद करा. खोट्या नेमकेपणापेक्षा अशी नोंद बरी.

३-प्राइम टोकाचा आणखी एक फायदा आहे. लेबलिंग करताना, म्हणजे रंग लावताना, सीडीएनए बनवायला ऑलिगो-डीटी (एमआरएनएच्या शेपटीला चिकटणारा नुसत्या टी अक्षरांचा तुकडा) वापरला, तर उलट-लेखन आरएनएच्या त्या टोकापासून सुरू होतं आणि बऱ्याचदा वाटेत थांबतं. प्रोब दुसऱ्या टोकाला असेल तर लांब जनुकांचा संकेत विनाकारण फिका पडतो.

दिशेची खात्री दोनदा करा. लेबल केलेला सीडीएनए हा एमआरएनएचा पूरक असतो. म्हणून प्रोब एमआरएनएसारखाच वाचला गेला पाहिजे. टी७ एन्झाइमने प्रती वाढवून मिळालेला अँटिसेन्स, म्हणजे पूरक, आरएनए लेबल करणार असाल तरी हेच. मात्र मूळ आरएनएलाच थेट रंग लावणार असाल तर प्रोब उलटा हवा. ऑर्डर देताना एखाद्या फाइलमध्ये दिशा उलटी झाली, तर काच सुंदर छापली जाते आणि हायब्रिडायझेशननंतर (नमुना काचेवर सोडून प्रोबला चिकटू देण्याच्या पायरीनंतर) काळीकुट्ट दिसते.

पायरी ३: काचेवरची मांडणी

इथे घाई करू नका. सगळ्या प्रयोगात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त परतावा देणारं काम हेच आहे. कागद, पेन्सिल आणि एक संध्याकाळ लागते.

रोबोटच्या डोक्याला पिना असतात. दोन पिनांमधलं अंतर साधारण ४.५ मिलिमीटर, कारण प्रोब ज्यात भरतात त्या ३८४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दोन वेलमध्ये तेवढंच अंतर असतं. चार गुणिले चार अशा १६ पिना घेतल्या तर एका बुडीत १६ वेलमधून १६ वेगवेगळे प्रोब उचलले जातात, आणि काचेवर प्रत्येक पिन स्वतःच्या चौकोनात, म्हणजे ब्लॉकमध्ये, एकेक स्पॉट ठेवते. एका पिनेचं टोक किंचित झिजलेलं असेल तर तिचा अख्खा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा फिका दिसतो.

आता हिशोब करू. स्पॉटचा व्यास १०० मायक्रॉन आणि दोन स्पॉटच्या केंद्रांत २०० मायक्रॉन अंतर धरलं, तर ४.५ मिलिमीटरच्या ब्लॉकमध्ये २१ ओळी आणि २१ रकाने आरामात बसतात, म्हणजे ४४१ स्पॉट. १६ ब्लॉकांचे झाले ७,०५६. हा साधारण १८ मिलिमीटर लांबी-रुंदीचा एक छापील भाग. काच ७५ मिलिमीटर लांब आहे, म्हणून तोच भाग खाली पुन्हा एकदा छापा. एकूण ३२ ब्लॉक, १४,११२ स्पॉट, आणि प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एकमेकींपासून १८ मिलिमीटर दूर.

दुसरी प्रत शेजारीच का नाही ठेवायची? रोबोटला ते सोपं जातं आणि पुष्कळ जण तसंच करतात. पण काचेवर ओरखडा पडला, बुडबुडा अडकला किंवा कडेचं द्रावण सुकलं, तर शेजारच्या दोन्ही प्रती एकदमच बिघडतात. वर त्या दोघी एकमेकींशी छान जुळतात, त्यामुळे बिघाड झाल्याची शंकासुद्धा येत नाही. दूर ठेवलेल्या प्रतींमध्ये विसंगती दिसते, आणि ती दिसावी म्हणूनच दुसरी प्रत छापायची असते. शिवाय वरचा भाग आणि खालचा भाग अशी नियमित मांडणी असली की लिम्मा हे विश्लेषणाचं पॅकेज तिला थेट ओळखतं. दोन प्रतींमधल्या अंतराच्या जागी ‘टॉपबॉटम’ एवढं सांगितलं की पुरतं. प्रती वाट्टेल तशा विखुरल्या तर ही सोय हातची जाते.

पुढचा मुद्दा प्लेटचा. ३८४ वेलच्या प्लेटमधून १६ पिनांनी २४ बुड्या होतात. म्हणजे एका प्लेटमधले प्रोब प्रत्येक ब्लॉकमध्ये सलग २४ जागा घेतात: एक पूर्ण ओळ आणि वर तीन स्पॉट. ती प्लेट थोडी सुकली असेल, तर प्रत्येक ब्लॉकमधला तेवढा पट्टा मागे पडणार. आता समजा प्लेटमध्ये जनुकं गुणसूत्रावरच्या क्रमाने भरली आहेत. मग गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुकं ‘एकत्र’ बदलताना दिसतील, आणि कोणीतरी उत्साहाने त्यावर जीवशास्त्रीय अर्थ लावेल. यीस्टच्या जुन्या अरे-माहितीत असे खोटे शेजारसंबंध सापडले आहेत आणि त्यांचं मूळ काचेवरच्या मांडणीत निघालं आहे. राइबोसोमची जनुकं एका प्लेटमध्ये आणि उष्णतेची दुसऱ्या प्लेटमध्ये, अशी कामानुसार विभागणी तर त्याहून घातक.

उपाय साधा आहे: प्लेट भरण्याआधी प्रोबची यादी संगणकावर यादृच्छिक क्रमाने फिरवा आणि त्याच क्रमाने ऑर्डर द्या. फिरवण्यासाठी वापरलेला बीजांक लिहून ठेवा, म्हणजे तीच यादी पुन्हा बनवता येईल. तयार संच विकत घेतला असेल आणि क्रम बदलणं शक्य नसेल, तर निदान प्लेट क्रमांक हा एक वेगळा रकाना म्हणून माहितीत ठेवा आणि विश्लेषणात प्लेटनिहाय आलेख काढा.

पायरी ४: कंट्रोलला जागा राखून ठेवा

आपल्या हिशोबात प्रत्येक प्लेटमध्ये दोन बुड्यांएवढे, म्हणजे ३२ वेल कंट्रोलसाठी राखा. उरलेल्या ३५२ वेलमध्ये जनुकं. ६,२०० जनुकांना १८ प्लेट लागतात, म्हणजे ४३२ बुड्या. प्रत्येक ब्लॉकमध्ये ३६ कंट्रोल स्पॉट पसरून बसतात आणि ९ जागा अगदी रिकाम्या राहतात. सगळे कंट्रोल एका कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण काचेच्या कोणत्या भागात काय चाललं आहे ते प्रत्येक ब्लॉकमधून कळतं.

कंट्रोल चार प्रकारचे हवेत. पहिला प्रकार रिकामा: नुसतं छपाईचं द्रावण. या स्पॉटवर उजेड दिसला तर पिना नीट धुतल्या जात नाहीत आणि आधीच्या वेलमधला डीएनए पुढे ओढला जातो आहे, असं समजा. दुसरा प्रकार परक्या जिवाचे प्रोब, उदाहरणार्थ अ‍ॅराबिडॉप्सिसचे. यीस्टमध्ये त्यांचं जुळणारं काही नसतं, म्हणून त्यांचा उजेड म्हणजे निव्वळ वाटेल तिथे चिकटण्याचं प्रमाण. ‘हे जनुक चालू आहे’ असं म्हणण्याची किमान रेषा याच स्पॉटवरून आखायची.

तिसरा प्रकार सर्वांत मोलाचा: स्पाइक-इन. परक्या जनुकांचे आरएनए मोजून आपल्या दोन नमुन्यांत मिसळायचे, काही एकास एक, काही तीनास एक, काही एकास तीन, काही दहास एक. आणि त्यांच्या मूळ पातळ्याही कमी-मध्यम-जास्त अशा ठेवायच्या. खरं उत्तर माहीत असलेले स्पॉट काचेवर हेच असतात. दहास एक टाकलेला स्पाइक जर पाचास एक दिसला, तर बाकीच्या जनुकांचे फरकही तितकेच दबलेले आहेत, हे उघड होतं. अशा बाह्य कंट्रोलसाठी ईआरसीसी नावाच्या गटाने ९२ आरएनएंचा संच प्रमाणित केला आहे. मात्र स्पाइक आरएनएमध्ये लेबलिंगच्या आधी मिसळा. नंतर मिसळलात तर लेबलिंगमधला दोष कधीच पकडला जाणार नाही.

चौथा प्रकार दिशादर्शक: नेहमी चमकणारे स्पॉट, पण काचेच्या एकाच कोपऱ्यात. चारही कोपऱ्यांत सारखे ठेवले तर काच १८० अंशांत फिरली तरी चित्र तसंच दिसतं आणि जनुकांची नावं उलटसुलट लागतात. याच कारणासाठी प्रत्येक प्लेटमध्ये एक वेल मुद्दाम रिकामा ठेवा, दर प्लेटमध्ये वेगळ्या जागी. प्लेट उलटी लावली गेली किंवा दोन प्लेटची अदलाबदल झाली, तर ती रिकामी जागा भलतीकडे दिसते आणि चूक पहिल्याच स्कॅनमध्ये हाती लागते.

मोजकीच जनुकं असलेली छोटी स्लाइड बनवणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो. नेहमीचं नॉर्मलायझेशन एका गृहीतकावर उभं आहे: बहुतेक जनुकं बदललेली नाहीत, आणि जी बदलली ती चढ-उतारात साधारण समतोल आहेत. संपूर्ण जीनोमच्या स्लाइडवर हे चालून जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात यीस्टची सुमारे ९०० जनुकं निरनिराळ्या ताणांना एकसारखा प्रतिसाद देतात असं दिसलं. सुमारे ३०० चढतात, ६०० उतरतात. ६,२०० मध्ये ९०० म्हणजे बाकीच्यांचं बहुमत कायम आहे. पण तुम्ही फक्त उष्णतेने चढणारी २०० जनुकं निवडून छापली, तर सॉफ्टवेअर त्या सगळ्यांची सरासरी शून्यावर आणून ठेवील आणि खरा बदल स्वतःच्या हाताने पुसून टाकील. अशा स्लाइडवर स्पाइक-इन भरपूर हवेत. त्याशिवाय सगळ्या जनुकांच्या प्रोबचं एकत्र मिश्रण करून ते वेगवेगळ्या पातळपणात छापा. त्या मिश्रणाला कोणत्याही नमुन्यातलं थोडंथोडं सगळंच चिकटतं, म्हणून त्याचं गुणोत्तर स्थिर राहतं आणि नॉर्मलायझेशनला आधार मिळतो.

पायरी ५: काच, द्रावण, छपाई

प्रोब ऑलिगो, म्हणजे आपल्यासारखे कृत्रिमरीत्या बनवलेले छोटे तुकडे, असतील तर इपॉक्सी किंवा अमिनोसायलेनचा लेप असलेली काच घ्या. पॉलि-लायसिनची काच घरी बनवता येते, पण तिची गुणवत्ता बॅचनुसार हलते. द्रावणात बीटेन किंवा डीएमएसओ घातलं की स्पॉट सावकाश सुकतो आणि कडेला कडं उमटत नाही. छपाईच्या पेटीत आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के राखा. कोकणपट्टीतल्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात ती याच्या कितीतरी वर जाते, तेव्हा बंद पेटी आणि आर्द्रता शोषणारं यंत्र नसेल तर छपाई थंडीत ठेवा. शेजारचे स्पॉट एकमेकांत मिसळले की ती काच वाया गेली.

पिन बुडी मारून वर आली की पहिले काही स्पॉट मोठे पडतात. ते टिपण्यासाठी सुरुवातीला एक-दोन कोऱ्या काचा ठेवा. प्रत्येक स्लाइडवर छपाईचा क्रमांक कोरा, कारण सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्लाइडमध्ये फरक असतो. दर बॅचमधली एखादी स्लाइड रंगीत यादृच्छिक नऊ-बेसच्या मिश्रणाने तपासा. कोणते स्पॉट छापलेच गेले नाहीत ते लगेच दिसतं.

पायरी ६: नमुने स्लाइडवर वाटा

इतकी मेहनत घेऊन बनवलेली स्लाइड चुकीच्या वाटपाने फुकट जाऊ शकते, म्हणून इथे मी आग्रहाने लिहितो.

आधी पुनरावृत्तीचा अर्थ नीट समजून घ्या. एकाच फ्लास्कमधला आरएनए चार स्लाइडवर लावला तर तुम्ही तुमच्या हाताचा नेमकेपणा मोजला. यीस्टबद्दल एकाच फ्लास्कएवढी माहिती मिळाली. चार वेगळ्या दिवशी, यीस्टच्या चार वेगळ्या वसाहतींपासून (बशीत वाढलेल्या ठिपक्यांपासून) वाढवलेले फ्लास्क घ्या, आणि प्रत्येकातून २५ व ३७ अंशांची जोडी काढा. काचेवरच्या दोन प्रतींना कधीही दोन नमुने समजू नका. यीस्टसारख्या एकजिनसी जिवात चार जोड्यांवर काम भागतं, पण माणसांच्या ऊतींमध्ये माणसागणिक फरक इतका असतो की गटात कितीतरी जास्त व्यक्ती लागतात. पैसे मोजकेच असतील तर एकाच नमुन्याच्या दोन स्लाइड करण्यापेक्षा आणखी एक स्वतंत्र नमुना घ्या.

मग दिवसांची वाटणी. सगळे २५ अंशांचे नमुने सोमवारी आणि सगळे ३७ अंशांचे गुरुवारी लेबल केले, तर सोमवार-गुरुवारचा फरक आणि तापमानाचा फरक कायमचे एकजीव झाले. कोणतंही सॉफ्टवेअर त्यांना वेगळं करू शकत नाही. २००७ साली नेचर जेनेटिक्समध्ये युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांच्या पेशींची तुलना प्रसिद्ध झाली आणि खूप जनुकांच्या पातळीत फरक असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच नियतकालिकात त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की दोन्ही गटांचे अरे मुख्यतः वेगवेगळ्या वर्षांत चालवले गेले होते. वंशाचा परिणाम किती आणि वर्षाचा किती, हे त्या माहितीतून सांगताच येत नव्हतं. नमुने चांगले, अरे चांगले, हिशोबही बरोबर. फक्त वाटणी चुकली.

म्हणून दर दिवशी दोन्ही गटांचे नमुने लावा. लेबलिंग किट, छपाईची बॅच, स्कॅनची वेळ, काम करणारी व्यक्ती, या प्रत्येकात दोन्ही गट विभागले गेले आहेत का ते छोट्या तक्त्यात मांडून बघा. स्कॅनची वेळ ही किरकोळ बाब नाही. साय-५ला ओझोन सोसत नाही; हवेतला ओझोन अब्ज भागांत दहाच्या घरात असला तरी लाल रंग फिका पडू लागतो, आणि रहदारीच्या शहरात कडक उन्हाच्या दुपारी तो याच्या पुष्कळ वर असतो. मुंबई-पुण्यात काम करणाऱ्यांनी शेवटची धुलाई आणि स्कॅन सकाळी उरकावं, आणि शक्य असेल तर खोलीत कार्बनचा गाळणीसंच बसवून घ्यावा.

तयार अरे मागवणाऱ्यांनाही हेच लागू. अ‍ॅजिलेंटच्या एका काचेवर आठ स्वतंत्र अरे येतात. सोयीसाठी आठही उपचारित नमुने एका काचेवर आणि आठही उपचार न केलेले नमुने दुसऱ्या काचेवर लावण्याचा मोह होतो. दोन्ही काचांवर चार-चार लावा, आणि काचेवरच्या जागाही चिठ्ठ्या टाकून ठरवा.

पायरी ७: खरा प्रयोग लावण्याआधी एक चाचणी

एकाच आरएनएचे दोन भाग करा, एक लाल, एक हिरवा, आणि एकाच स्लाइडवर सोडा. दोन्ही बाजूंना तेच असल्यामुळे प्रत्येक जनुकाचं गुणोत्तर एक, म्हणजे लॉग शून्य, यायला हवं. ते जिथे येत नाही तिथे स्लाइडचे, रंगांचे आणि पिनांचे दोष उघडे पडतात. आडव्या अक्षावर दोन रंगांची सरासरी तीव्रता आणि उभ्या अक्षावर गुणोत्तराचा लॉग घेऊन आलेख काढा. याला एमए-प्लॉट म्हणतात. ठिपक्यांचा ढग शून्याभोवती सरळ पसरला तर उत्तम. डाव्या टोकाला, म्हणजे फिक्या स्पॉटकडे, तो केळ्यासारखा वाकला तर रंगांचा पक्षपात तीव्रतेप्रमाणे बदलतो आहे. मग ब्लॉकनिहाय रंग देऊन तोच आलेख पुन्हा काढा. एखादा ब्लॉक वेगळा उठून दिसला तर वरचा-खालचा जोडीदार ब्लॉक बघा: दोन्ही बिघडले असतील तर पिन तपासा, एकच बिघडला असेल तर काचेचा तो भाग.

या एका स्लाइडमधून स्पॉटगणिक किती विखुरणी आहे ते कळतं आणि किती पट बदल पकडता येईल याचा अंदाज येतो. ही स्लाइड वाचवू नका.

पायरी ८: स्कॅन आणि आकडेमोड

आखणी नीट झाली असेल तर हा भाग छोटा होतो. स्कॅनर ५३२ आणि ६३५ नॅनोमीटरच्या लेसरने दोन प्रतिमा काढतो. १०० मायक्रॉनच्या स्पॉटसाठी पिक्सेल १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक ठेवा, म्हणजे स्पॉटच्या आडव्या रेषेत निदान दहा पिक्सेल येतात. १६ बिटच्या प्रतिमेत कमाल आकडा ६५,५३५. त्याला टेकलेले स्पॉट संपृक्त झाले. त्यांचं गुणोत्तर खोटं. स्कॅनरची संवेदनशीलता इतकी ठेवा की असे स्पॉट अगदी मोजके राहतील.

नॉर्मलायझेशन प्रत्येक ब्लॉकसाठी स्वतंत्र करता येतं, त्याला प्रिंट-टिप लोएस म्हणतात. ब्लॉकमध्ये दीडशेहून कमी स्पॉट असतील तर ते डळमळीत होतं. आपल्या मांडणीत ४४१ आहेत. हा आकडा आखणीच्या वेळीच बघायचा असतो, म्हणून पिनांची संख्या ठरवताना तो डोळ्यांसमोर ठेवा. पुढे आर भाषेतलं लिम्मा वापरा. डाय-स्वॅप स्लाइडना आराखड्यात उणे एक द्या, दोन प्रतींचा परस्परसंबंध काढून मगच प्रतिमान बसवा. आणि ६,२०० जनुकांवर पी-व्हॅल्यूची साधी ०.०५ची रेषा लावली तर काहीच बदललेलं नसतानाही सुमारे ३१० जनुकं ‘बदललेली’ दिसतील, हे लक्षात घेऊन बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने (जी असे खोटे निकाल आटोक्यात ठेवते) दुरुस्त केलेले आकडेच वाचा.

पायरी ९: नोंदी

ब्लॉक, ओळ, रकाना आणि प्रोब यांची सांगड घालणारी फाइल म्हणजे गॅल फाइल. ती छपाईच्या दिवशीच, रोबोटच्या नोंदीवरून बनवा, आणि तिच्या नावात छपाई बॅचचा क्रमांक घाला. प्लेटचा क्रम वाटेत बदलला तर नवी गॅल फाइल, नवं नाव. जुनी खोडू नका. दिशादर्शक कोपरा आणि प्रत्येक प्लेटचा रिकामा वेल प्रतिमेत जागच्या जागी आहेत, एवढं तपासूनच जनुकांची नावं लावा.

२००१ सालापासून ‘मायामी’ (एमआयएएमई) निकषांमुळे प्रयोगाची किमान माहिती देणं रूढ झालं आहे, आणि बहुतेक नियतकालिकं माहिती अमेरिकेतल्या एनसीबीआय संस्थेच्या जीईओ किंवा युरोपातल्या अ‍ॅरेएक्सप्रेस भांडारात ठेवायला सांगतात. तिथे नुसते नॉर्मलाइझ केलेले आकडे देऊ नका. मूळ प्रतिमा जपून ठेवा आणि स्पॉटनिहाय कच्चे आकडे, गॅल फाइल, प्रोबचे पूर्ण क्रम, स्पाइकची प्रमाणं, लेबलिंग आणि हायब्रिडायझेशनच्या तारखा, स्लाइडचे छपाई क्रमांक, हे सगळं जमा करा. तारखांचा रकाना बहुतेक जण गाळतात. तो जरूर भरा. तुमचे आकडे पुन्हा तपासणारा माणूस सर्वांत आधी तोच शोधेल.